धार कोण चाखतं?

प्राथमिक आरोग्य केंद्रात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायांची तपासणी असते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान हे तिचं कागदावरचं नाव. पाड्यांवर तिला नुसतं ‘नऊ तारीख’ म्हणतात. ही नऊ तारीख मार्चची होती, होळी चार दिवसांवर. शिरपूरच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी, होळीच्या आधीच्या आठवड्यात भोंगऱ्याचे बाजार भरतात. त्यामुळे बाया सकाळी लवकर आल्या होत्या आणि उन्हं चढायच्या आत मोकळ्या व्हायच्या घाईत होत्या.

अकराच्या सुमारास दोघी जावा आत आल्या. धाकटीचं नाव पंधरा दिवसांपूर्वी नोंदवलेलं. थोरली सोबतीला. धाकटीच्या कडेवर दोन वर्षांचा मुलगा. सासू बाहेर ओसरीवर बसली होती. (ओळख पटू नये म्हणून इथे कुणाचं नाव नाही, पाड्याचंही नाही.)

धाकटीच्या कार्डावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं : ‘व्यसन – नाही’. मी विचारलं होतं, “दारू पिते का?” ती म्हणाली होती, “नाही.” मी लिहिलं. तिने खोटं सांगितलं नव्हतं. चूक प्रश्नात होती, आणि ती त्या दिवशी कळली ती तिच्यामुळे नव्हे, कडेवरच्या पोरामुळे.

पोरगं लहानखुरं होतं. इकडे लहानखुरं मूल पाहून कुणी थबकत नाही. कुपोषण, पाठोपाठची बाळंतपणं, सिकलसेल, कारणं हाताशी असतात. थबकले ते चेहऱ्यावर. नाकाखालून ओठाकडे उतरणारी जी पन्हळ असते, ती जवळजवळ नव्हतीच. वरचा ओठ रेघ ओढल्यासारखा पातळ. डोळ्यांची फट आखूड. ही तीन लक्षणं एकत्र दिसली की वही बाजूला ठेवून टेप हातात घ्यावी.

मापं घेताना दोन गोष्टी हमखास चुकतात. डोक्याचा घेर भुवयांच्या किंचित वरून आणि मागे सर्वांत फुगीर भागावरून घ्यायचा असतो. टेप कापडी असेल तर ती वर्षभरात ताणली जाते आणि घेर खरा असतो त्यापेक्षा कमी दाखवते. न ताणणारी टेप वापरावी, तीनदा मोजून सर्वांत मोठं माप धरावं. दुसरी चूक चेहऱ्याची. मूल हसत किंवा रडत असेल तर ओठ ताणला जातो, पन्हळ सपाट होते आणि धडधाकट मूलसुद्धा ‘तसं’ दिसायला लागतं. तोंड मिटलेलं, चेहरा सैल, समोरून, डोळ्यांच्या पातळीवर, असंच पाहायचं. बिस्किट देऊन, ते गिळून होईपर्यंत थांबून पाहिलं. डोळ्याची फट पारदर्शक पट्टीने मोजली, आतल्या कोपऱ्यापासून बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत, पट्टी पापण्यांना न टेकवता. ओठ आणि पन्हळ ताडून पाहायला एक ते पाच क्रमांकांची चित्रं असतात. अमेरिकेत, वॉशिंग्टन विद्यापीठात तयार झालेली. ती तिकडच्या चेहऱ्यांवरून काढलेली आहेत, म्हणून आपल्याकडे ती जरा हात राखून वाचावीत. तरी हा चेहरा चार आणि पाचच्या मधला होता.

डोकं ४४ सेंटिमीटर. दोन वर्षांच्या मुलाचं सरासरी ४८ च्या थोडं पुढे असतं. ४४ म्हणजे तक्त्यातल्या सर्वांत खालच्या, वजा तीनच्या रेषेवर. वजन ८ किलो ९००. उंची ७९ सेंटिमीटर. शब्द दोनच, ‘आय’ आणि पाण्यासाठीचा एक. दिवस पूर्ण भरून जन्मला होता आणि तरी जन्माचं वजन १९०० ग्रॅम. दूध ओढायला आळस, रात्र रात्र जागरण, जरा आवाज झाला की दचकणं.

एवढ्यावरून निदान करता येत नाही. आईला फिटसाठी फेनिटॉइन चालू असलं तर असाच चेहरा होऊ शकतो. काही जनुकीय आजारांतही होतो. ती औषधं नव्हती. पण दारूचा प्रश्न पुन्हा विचारणं भाग होतं, आणि तो पहिल्यासारखा विचारून उपयोग नव्हता. मी चाचरत होते तेव्हा आशाताई मागून म्हणाली, “मॅडम, पिते का ते नका विचारू. भट्टीवर कोण बसतं ते विचारा.”

भट्टीवर धाकटीच बसायची. आठवड्यातून दोनदा, होळीच्या आधी तीनदा. वाळवलेली मोहाची फुलं माठात भिजत घालायची, आंबली की मडकं चुलीवर चढवायचं, वरच्या भांड्यातलं पाणी तापलं की बदलत राहायचं, धार पडायला लागली की चाखायची. धार कडक आहे की नरम, कुठे थांबवायची, कुठली कुठल्या बाटलीत जायची, हे चाखल्याशिवाय कळत नाही, आणि तिच्याइतकी चाख घरात कुणालाच नव्हती. आशाताईने पावरीत, म्हणजे त्यांच्या बोलीत, विचारलं, तिने पावरीत सांगितलं, आणि सांगताना मान खाली घातली नाही. का घालावी? हे काम होतं. एवढ्यात सासू दारात येऊन उभी राहिली आणि अहिराणीत म्हणाली, “ती पेत नही, बाई. ती ते नुसतं चाखस.”

गरोदरपणातल्या दारूबद्दल जे काही शिकवलं जातं त्यात पिणारी बाई असते. चाखणारी कुठेच नसते. सणाला देवाची म्हणून दोन घोट घेणारी नसते, बाळंतपणाच्या कळा सोसाव्यात म्हणून जिला पाजतात ती नसते. आमच्या भागात यांतली कुणीही ‘पिते का’ला हो म्हणणार नाही. शहरातही हेच आहे, फक्त शब्द वेगळे : बियर ही दारू नव्हे, वाइन ही औषधासारखी, लग्नातली एक ती काय मोजायची.

म्हणून मोजायला बसलो. ही रीत सोपी आहे आणि कुठल्याही केंद्रात करता येते. घरातली रोजची वाटी किंवा ग्लास दाखवायला सांगायचं. तो नसेल तर आपल्याकडची चार-पाच भांडी पुढे ठेवून ‘यातलं कुठलं’ असं विचारायचं. मग बाईनेच त्यात पाणी ओतायचं, नेहमी घेते तेवढं, आणि ते पाणी प्रयोगशाळेच्या मोजनळीत ओतून मिलिलिटर वाचायचे. तोंडी विचारलं की ‘थोडीशी’ येतं; ओतायला लावलं की हात खरं सांगतो.

धाकटीची चाख भरली ४० मिलिलिटर. एका भट्टीला चारदा : दोनदा पहिल्या धारेची, दोनदा नंतरची. हातभट्टीवर टक्के छापलेले नसतात. मात्र पहिली धार निखाऱ्यावर टाकली की निळी पेटते असं त्या दोघींनी सांगितलं, आणि दारू अशी पेटायला त्यात निम्म्याच्या आसपास मद्यार्क लागतो. पहिली धार ४५ टक्के आणि नंतरची २५ धरली तर हिशेब असा : ४० मिलिलिटरचे ४५ टक्के म्हणजे १८ मिलिलिटर मद्यार्क, त्याला ०.७९ ने गुणलं की १४ ग्रॅम. दोनदा, म्हणजे २८. नंतरच्या दोन चाखींचे ८-८, म्हणजे १६. एकूण ४४ ग्रॅम. एक प्रमाण पेग आपल्याकडे १० ग्रॅमचा धरतात. म्हणजे ‘नुसतं चाखणं’ म्हणजे तास-दोन तासांत चार पेगांहून जास्त, उपाशीपोटी, आठवड्यातून दोनदा.

ताडून पाहायला बाकीचे आकडेही इथेच देते. ४२.८ टक्क्यांच्या विदेशी दारूचे ३० मिलिलिटर म्हणजे १० ग्रॅम. त्याच ताकदीचा १८० मिलिलिटरचा क्वार्टर म्हणजे ६० ग्रॅम. पाच टक्क्यांच्या बियरचा ३३० मिलिलिटरचा टिन १३ ग्रॅम. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बियरची ६५० ची बाटली ४१ ग्रॅम. ‘मी फक्त बियर घेते’ या वाक्यात किती पाणी आहे ते यावरून कळावं. आणखी एक, जे विचारायचं राहून जातं : आयुर्वेदातली आसवं आणि अरिष्टं. ती आंबवून बनतात आणि बाटलीवर ‘स्वयंनिर्मित मद्यार्क’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. दिवसाला दोन-तीन मोठ्या चमच्यांत दोनएक ग्रॅम भरतो. भट्टीपुढे काहीच नाही. पण गरोदर बाईला ती कुणी आणि कशासाठी दिली हे विचारावं आणि वैद्यांकडून पर्याय घ्यावा.

एकेका बसणीचा हिशेब इतका बारकाईने का? कारण पोटातल्या बाळाला आठवड्याची बेरीज कळत नाही. एका वेळी रक्तात किती चढली ते कळतं. मद्यार्काचा रेणू लहान, वार त्याला अडवत नाही. तासाभरात बाळाच्या रक्तात जवळपास आईइतकीच पातळी होते. आईचं यकृत तासाला साधारण सहा-सात ग्रॅम मोडतं. बाळाच्या यकृताला ते काम अजून येत नसतं. शिवाय गर्भजलात मद्यार्क साठून राहतो : बाळ ते पाणी गिळतं, लघवी करतं, पुन्हा तेच गिळतं. आईची उतरते तेव्हा त्याची उतरलेली नसते.

धाकटीची पाळी संक्रांतीच्या आठवडाभर आधी, ७ जानेवारीच्या सुमारास आली होती. म्हणजे ९ मार्चला आठ आठवडे पाच दिवस. पहिल्या तीन महिन्यांत चेहरा, हृदय, मूत्रपिंड, हाडं यांची मांडणी होते. ओठाची पन्हळ आणि डोळ्यांची फटही तेव्हाच ठरते. मेंदू मात्र पहिल्या आठवड्यांपासून जन्मापर्यंत घडत असतो, त्याला सुरक्षित असा महिनाच नाही. म्हणूनच चेहरा अगदी नेहमीसारखा आणि तरी शाळेत बेरीज डोक्यात राहत नाही, सांगितलेलं दुसऱ्या मिनिटाला विसरतं, चूक करतं, शिक्षा होते, पुन्हा तीच चूक करतं, अशी मुलं संख्येने जास्त असतात. चेहऱ्यावर खूण असलेलं मूल निदान ओळखता तरी येतं. फ्रान्समध्ये नाँत इथे पॉल लमोईन यांनी १९६८ मध्ये अशा १२७ मुलांचं वर्णन केलं होतं. फारसं कुणी वाचलं नाही. १९७३ मध्ये सिएटलच्या केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं तेव्हा त्याला फीटल अल्कोहोल सिंड्रोम हे नाव मिळालं. आता सौम्य प्रकारांसकट सगळ्याला मिळून एफएएसडी, म्हणजे फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसऑर्डर, म्हणतात.

धाकटीचं थोरलं मूल, पाच वर्षांचं, ठणठणीत होतं. त्या गरोदरपणात नवराबायको सौराष्ट्रात शेतावर भागाने कामाला होते. तिथे भट्टी नव्हती. परत आल्यावर भट्टी तिच्याकडे आली आणि त्यानंतर हा मुलगा. जुळणी मोहात पाडणारी आहे. पण दोन मुलांवरून पुरावा होत नसतो, आणि झाला असता तरी तो त्या क्षणी आईच्या तोंडावर मारायचा नसतो. ‘तुझ्या चाखण्यामुळे हा असा झाला’ हे वाक्य एकदा बोललं की ती पुढच्या नऊ तारखेला येत नाही, आणि पोटातल्याचंही जातं. मी मुलाच्या कागदावर लिहिलं : वाढ खुंटलेली, डोकं लहान, बोलण्यात विलंब, चेहऱ्याची तीन लक्षणं, गर्भकाळात मद्याचा संपर्क, कारणांची तपासणी व्हावी. ऐकू येणं, डोळे, हृदयाची सोनोग्राफी, थायरॉइड, सिकलसेल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे नाव दिलं, तिथून पुढे शीघ्र हस्तक्षेप केंद्र. सहा वर्षांच्या आत कळलं तर अशा मुलांचं पुढचं बरंच सावरतं. औषध नाही, एका वेळी एकच सूचना, रोजचा क्रम तोच, वाक्य लहान, अंगणवाडीताईला माहिती.

हे चालू असताना थोरली धाकटीच्या मदतीला उठली. सासूची चाख किती ते दाखवायला तिने वाटीत पाणी ओतलं, आणि निम्मं टेबलावर सांडलं. हात थरथरत होता. कपाळावर घाम होता आणि पंखा तर तिच्याच डोक्यावर फिरत होता.

पदर सावरलेला होता म्हणून पोट दिसलं नव्हतं. तपासलं तर गर्भाशय बेंबीपर्यंत, वीस-बावीस आठवडे. नोंद नाही. आधीचे दोन पडलेले, ‘टिकलं तर सांगू’ म्हणून कुणाला बोलली नव्हती. नाडी ११४. रक्तदाब १४२/९२. जीभ बाहेर काढली तर तीही थरथरत होती. मळमळ, सकाळपासून पोटात काही नाही.

वीस आठवड्यांनंतर हा रक्तदाब पाहिला की हात आपोआप प्रीएक्लाम्प्शियाकडे, म्हणजे गरोदरपणातल्या रक्तदाबाच्या आजाराकडे, वळतो आणि वळायलाच हवा. लघवीत प्रथिन नव्हतं, पायावर सूज नव्हती, डोकेदुखी नव्हती. पण प्रीएक्लाम्प्शिया हात थरथरवत नाही. मी विचारलं, “शेवटची कधी घेतली?” या प्रश्नात घेतली हे धरलेलंच असतं, म्हणून नाही म्हणायला जागा उरत नाही आणि लाजही कमी वाटते. काल रात्री, जेवणानंतर. रोज सकाळी अर्धा ग्लास आणि रात्री एक. मोजनळीत ग्लास भरला १८० मिलिलिटर. दोन्ही मिळून दिवसाला पन्नास ग्रॅमच्या पुढे. आज सकाळची का नाही? “दवाखान्यात यायचं होतं. वास येईल ना.”

म्हणजे ही थरथर आमच्यामुळे होती. रोजची दारू शरीराच्या अंगवळणी पडल्यावर ती एकदम थांबली की सहा तासांपासून हात कापायला लागतात. सहा ते अठ्ठेचाळीस तासांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी भ्रम, भास, ताप, आणि त्यात जीवही जातो. शेवटच्या घोटाला पंधरा तास झाले होते. गरोदर बाईला फिट आली तर बाळाला तेवढा वेळ प्राणवायू मिळत नाही. गरोदर बाईने दारू सोडावी यात वाद नाही. पण जी रोज घेते, जिचे सकाळी हात कापतात, तिला ‘आजपासून थेंब नाही, घरी जा’ असं सांगणं हा धोका आहे. अशी बाई दवाखान्यातच, औषधाच्या आधाराने, काही दिवसांत सोडवायची असते. व्यसनमुक्तीच्या सभांत हा फरक सांगितला जात नाही आणि मला ते दर वेळी खटकतं.

क्रम असा होता. बोटाच्या थेंबावर साखर : ६४. इथे ग्लुकोज चढवायची घाई होते. पण रोज दारू घेणारीच्या अंगात थायमिन, म्हणजे बी-१, आधीच कमी असतं. आधी ग्लुकोज दिलं तर उरलंसुरलं थायमिन ते वापरायला खर्ची पडतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून थायमिन १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन आधी, साखर त्याच्या मागोमाग. (साखर फारच उतरली असेल, बाई शुद्धीवर नसेल, तर थायमिन शोधत बसू नये, दोन्ही एकदमच द्यावं.) कुशीवर झोपवलं, बाळाचे ठोके ऐकले, १४६. धुळ्याच्या मेडिकल कॉलेजातल्या मानसोपचार विभागाशी फोनवर बोलून लोराझेपाम २ मिलिग्रॅमची एक गोळी दिली. गरोदरपणात हे औषध कमीत कमी आणि देखरेखीखालीच देतात. तरीही फिटपेक्षा ते परवडतं. मॅग्नेशियम सल्फेट भरून बाजूला ठेवलं : वीस आठवड्यांपुढे फिट आलीच तर ती आधी एक्लाम्प्शियाची, म्हणजे त्याच रक्तदाबाच्या आजारातली, समजायची, दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम खोल द्यायचं आणि पाठवायचं. कारणाचा काथ्याकूट नंतर.

थोरलीचा नवरा फोनवर म्हणाला, ती दारू सोडायची गोळी मिळते ती द्या ना, चहातून देऊ. ही मागणी नेहमीची. ती गोळी डायसल्फिरामची. तिच्यावर दारू घेतली तर रक्तदाब कोसळतो, उलट्या होतात, छाती धडधडते. गरोदर बाईला ती कधीच नाही, आणि कुणालाही न सांगता तर मुळीच नाही. त्याला हे स्पष्ट सांगितलं.

१०८ ला फोन केला. थोरली जायला तयार नव्हती. होळी चार दिवसांवर, घरात पाहुणे येणार, आणि देवाचं कोण करणार? खरं तर तिची अडचण मला लगेच कळली नाही. मी बाळाबद्दल बोलत राहिले, ती दाराकडे बघत राहिली. शेवटी सासूला आत बोलावलं.

सासू पासष्टीची, स्वतः रोज घेणारी, घराची भट्टी तिच्या नावाची. तिला शत्रू करायचं की साथीदार, हे पुढच्या दोन मिनिटांवर होतं. मी तिला दोन्ही सुनांच्या देखत दोषाचा शब्द बोलले नाही. विचारलं, “माय, आंबवणाचा माठ उघडा राहिला तर काय होतं?” ती म्हणाली, आंबट होऊन वाया जातो. “कधीही राहिला तरी?” नाही, पहिल्या दिवसांत राहिला तर सगळाच जातो, नंतर राहिला तर चव जाते. मी म्हटलं, पोटातल्या बाळाचं तसंच. दारू आईच्या अंगातून नाळेवाटे त्याच्या अंगात जाते. पहिल्या तीन महिन्यांत गेली तर घडणच बिघडते, नंतर गेली तर डोकं मंदावतं. आज थांबवली तर आजपासूनचं वाचतं. एक वाटी सुरक्षित, दोन नाही, असं माप कुणालाच सापडलेलं नाही, म्हणून नऊ महिने शून्य. मोहाची, देशी, विदेशी, बियर, सगळी एकच.

ती बराच वेळ गप्प राहिली. मग तिचा प्रश्न आला, आणि तो रास्त होता : “मंग धार चाखी कोन?”

इथे उपदेश संपतो आणि कामाची वाटणी सुरू होते. घरात भट्टी आहे, तिच्यावर पोट आहे. हातभट्टी कायद्याने गुन्हा आहे हे तिला माझ्याइतकंच माहीत आहे. पोलिसांचं नाव मी काढलं असतं तर भट्टी बंद झाली नसती, फक्त पुढच्या खेपेला आम्हाला कुणी सांगितलं नसतं. आम्ही तिघींनी बसून ठरवलं ते एवढं. धार पेटवून पाहायची, निळी आहे तोवर पहिली. तोंडाला लावायची नाही. चाख लागलीच तर सासूने घ्यायची. धाकटी भट्टीवर बसणारच नाही, कारण चाखली नाही तरी चुलीचा धूर आहे आणि सवयीने हात वाटीकडे जातो. मोहाची फुलं वेचायला पहाटे जायला हरकत नाही, पण टोपलं डोक्यावरून दुसऱ्याने आणायचं. होळीला देवाच्या दारूचं काय, यावर मी गप्प बसले. ते सांगायचा अधिकार माझा नाही. सासूनेच तोड काढली. देवाला धार सोडायची ती जमिनीवर, सुनेने हात लावायचा, तोंड नाही. देवीला चालतं, तिनेच सांगितलं. आशाताई म्हणाली, हे आता पाड्यावर मीच सांगते, म्हातारीच्या नावाने.

थोरलीला सासूनेच गाडीत बसवलं. रस्ता लांबचा. सोबत आमची सिस्टर, फिटचं औषध आणि तोंडात घालायला नव्हे तर बाजूला वळवायला दोन मोकळे हात. फिट आलेल्या बाईच्या तोंडात चमचा घालायची खोड अजून जात नाही. चिठ्ठीवर पहिल्याच ओळीत लिहिलं : शेवटचं मद्य काल रात्री आठ वाजता, रोज अंदाजे ५० ग्रॅम, थायमिन दिलं, प्रीएक्लाम्प्शिया पूर्णपणे वगळलेला नाही. वेळ लिहिली नाही तर पुढच्या डॉक्टरला घड्याळ शून्यापासून लावावं लागतं.

धाकटीला फोलिक ॲसिडच्या ४०० मायक्रोग्रॅमच्या गोळ्या चालूच होत्या. लोहाची लाल गोळी चौथ्या महिन्यापासून, १८० दिवस. पुढच्या तपासणीला दारूचा प्रश्न पुन्हा विचारायचा असं कार्डावर लिहिलं, कारण जागतिक आरोग्य संघटनेचा २०१४ चा सल्ला हाच आहे : सगळ्यांना विचारा, दर भेटीत विचारा. एकदा ‘नाही’ लिहिलेलं कार्ड पुढे कुणी उघडून पाहत नाही. त्या दिवसापासून आमच्या केंद्रात ‘पिते का’ बंद झालं. आता चार गोष्टी विचारतो : घरी दारू बनते किंवा विकली जाते का, चाखतं कोण, शेवटची कधी घेतली, आणि किती घेतल्यावर चढते. चौथा प्रश्न टी-एस (T-ACE) नावाच्या प्रश्नावलीतला आहे. गरोदर बायांसाठीच बनलेली, चारच प्रश्नांची. दोन पेगांहून जास्त लागत असेल तर त्या एका उत्तरालाच दोन गुण आणि दोन गुण म्हणजे पुढे नीट चौकशी. बाया त्याचं उत्तर बिनदिक्कत देतात, काही तर जरा तोऱ्यात. बाकीचे तीन प्रश्न, कुणी टोकलं का, कमी करावीशी वाटली का, सकाळी उठल्या उठल्या लागते का, मग ओघात निघतात.

थोरली सहा दिवस धुळ्याला राहिली, होळी हुकली. तिसऱ्या दिवसापासून थरथर थांबली, रक्तदाब औषधाविना ११८/७६ वर आला. प्रथिन दुसऱ्यांदाही निघालं नाही.

एप्रिलच्या नऊ तारखेला धाकटी आली, तेरा आठवडे पूर्ण. सासू बरोबर होती आणि तक्रार घेऊन आली होती. नुसती पेटवून धार ओळखता येत नाही, गिऱ्हाईक म्हणतं नरम लागते, आणि स्वतः चाखावी तर म्हातारपणी जिभेला पहिल्यासारखं कळत नाही. मी म्हटलं, मग पुन्हा सुनेला बसवणार का?

“नही,” ती म्हणाली. “मीच चाखसू.”

कार्डावर ‘व्यसन’ या शब्दापुढे फार जागा नसते. तिथला ‘नाही’ खोडून मी बारीक अक्षरात लिहिलं : घरी भट्टी आहे, धार सासू चाखते.